अकरानंतरच्या हाका

पडद्यावर विठू गच्चीवरच्या टाकीत उतरला, वर उभा असलेला दशरथ हातात दोर धरून आभाळाकडे बघत राहिला, आणि त्याने हाक दिली नाही. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून खरा दशरथ स्वतःलाच बघत होता. हा शेवटचा शॉट होता. काका, पिक्चर इथेच संपणार, सात मिनिटं, एकही कट नाही, असं पिक्चर काढणाऱ्या अभिनवने शूटिंगच्या वेळीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे सात मिनिटं उरली होती आणि जे यायला पाहिजे होतं ते आलंच नव्हतं, आता येणारही नव्हतं. रविवारची सकाळ, मिरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाऊस, खिडक्यांना काळे पडदे, एसी इतका की पायांची बोटं गार पडलेली, साठ-सत्तर माणसं, मागच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या सामोशांचा वास. पहिल्या रांगेत पांढरे केस बारीक कापलेल्या एक बाई, कुठल्याशा फेस्टिव्हलसाठी पिक्चर निवडणाऱ्या, त्यांच्यासाठीच हा सगळा घाट. आणि दशरथच्या शेजारी शेवंतीवहिनी, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. तिला त्यानेच आणलं होतं. आग्रह करून, रिक्षाने, नवघरपासून.

पिक्चर दशरथ मांडवकरवर होता, म्हणजे टाक्या धुणाऱ्या माणसावर. अभिनव याच कॉम्प्लेक्समधला, आईबाप दादरची जागा विकून इकडे आलेले, मुलगा पुण्याला सिनेमा शिकून परतलेला. टाकी धुवायला आलेल्या दशरथला त्याने एकदा पाणी विचारलं, मग नाव विचारलं, मग दहा महिने कॅमेरा घेऊन पाठ सोडली नाही. दशरथ अंघोळ करतो, दशरथ पंप खांद्यावर घेऊन जिना चढतो, दशरथ बसची वाट बघतो, दशरथ डबा खातो आणि डब्याच्या झाकणात उरलेली भाजी बोटाने पुसतो. एक तास वीस मिनिटं. आणि या सगळ्यात त्याच्या तोंडून एक शब्द नाही. येताना दारात एक गुळगुळीत कागद हातात दिला होता, त्यावर छापलं होतं, एका अबोल माणसाचा दिवस. वहिनी अडखळत वाचून म्हणाली होती, भावजी, तुम्ही अबोल कधी झालात? तेव्हा तो हसला होता. आयुष्यभर ज्याची बडबड ऐकून बायको कानात कापूस घालायची भाषा करते, तो अबोल. पोराला काय सुचेल ते छापतो, असं म्हणून त्याने तो कागद घडी करून खिशात टाकला होता.

त्याच्या धंद्यात तोंड हे हत्यार आहे. ब्रश, पंप, दोर यांच्या आधी तोंड. दोन माणसं असतात, एक खाली उतरतो, एक वर. वरच्याने वीस श्वास झाले की हाक द्यायची, आणि खालच्याने आकडा द्यायचा. पहिल्या हाकेला एक, दुसरीला दोन. मोजायचं खालच्याने, वरच्याने फक्त ताडून बघायचं. कारण टाकीतली विषारी हवा लागते तेव्हा माणूस आधी ओरडत नाही की पडत नाही. आधी त्याचं मोजणं बिघडतं. सातनंतर पाच म्हणाला, की वरच्याने विचारत बसायचं नाही, ओढायचं. ही रीत दादाची. दादा म्हणजे हरिश्चंद्र, वहिनीचा नवरा, दशरथचा सख्खा थोरला भाऊ. रत्नागिरीहून आलेल्या दोघा भावांनी भाईंदरपासून मिरा रोडपर्यंत किती टाक्या धुतल्या त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक टाकी या आकड्यांवर धुतली. दादाचा आकडा टाकीतून यायचा तो घुमून यायचा, नऊ म्हटलं तरी वाटायचं की देवळात कोणी बोलतंय. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका हसायच्या. दादा मुद्दाम आणखी मोठ्याने द्यायचा.

पडद्यावरचा तो शहाणा दशरथ आभाळाकडेच बघत होता. एक घार फिरत होती, अभिनवने कॅमेरा हळूच तिच्याकडे नेला. त्या दिवशी विठू चिडला होता. विठू नवघरच्या जुन्या गावातला, दादा गेल्यापासूनचा जोडीदार, तो म्हणाला होता, हाक न्हाय तर मी उतरनार न्हाय, खेल हाय का? अभिनवने हात जोडले. काका, टाकी कोरडी आहे, वास नाही, फक्त एकदा, साउंडसाठी. त्यावर तुमचा आवाज लावायचाय ना, ते खाडीवरचं बोलणं, मग खाली हाका असतील तर दोन आवाज भांडतील. हे दशरथला पटलं. तुमच्या या गप्प उभ्या राहण्यावर तुमचंच सगळं बोलणं ऐकू येईल, असं पोराने सांगितलं आणि तो, पन्नाशी ओलांडलेला, बत्तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, पटकन हो म्हणाला. इतकंच नाही, विठूला त्याने समजावलं. अरे पाच-सात मिनिटं, मी आहे ना वर. मी आहे ना वर हे आपण कुणाला म्हणतोय, असं तेव्हा त्याच्या मनात चमकून गेलं होतं, पण तोवर विठू उतरला होता आणि अभिनवने बोट ओठावर ठेवलं होतं.

खाडीवरचं बोलणं. घोडबंदरच्या किल्ल्याखाली, खाडीकडे तोंड करून दोघं बसले होते, दशरथच्या शर्टाच्या आत चिमुकला माईक चिकटवलेला. सव्वा तास तो बोलला. नऊ वर्षं जे बायकोला सांगितलं नाही ते त्या कालच्या पोराला सांगितलं. जून महिना, भाईंदरची एक सोसायटी, कंपाउंडमधली जमिनीखालची टाकी. चार दिवस आधी तिला आतून कसलंसं केमिकल मारलेलं, ते कोणी सांगितलं नाही. दादा उतरला. एक, दोन, तीन, सगळं बरोबर. दुपारचा एक वाजला होता. अकराचा आकडा आला आणि दशरथच्या खिशातला फोन वाजला. संजनाचा दहावीचा निकाल. पप्पा, एटी वन. त्याने दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि चार पावलं बाजूला गेला, कारण तिथे रेंज होती. काय काय बोलला ते त्याला अजून पाठ आहे. गणितात किती, सायन्समध्ये किती, तुझ्या काकाला वर आला की सांगतो, पेढे आणून ठेव. बाराची हाक चुकली. तेराचीही चुकली. फोन ठेवून हसत हसत त्याने हाक दिली तेव्हा खालून आवाज आला, नऊ. मोठा, घुमणारा, अगदी नेहमीसारखा. त्याने ओढलं. दादाचं अंग जड, दोर हातातून सटकत होता, वॉचमन धावला, दोघांनी मिळून वर काढलं तेव्हा दादाचे डोळे उघडे होते आणि त्यांत ओळख नव्हती. पोलिसांत दशरथने जबाब दिला, हाका बरोबर देत होतो, केमिकलचं कोणी सांगितलं नाही. त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं म्हणून पहिलंही कोणी तपासलं नाही.

तपासलं नाही ते वहिनीनेही. उलट आल्यागेल्याला तीच सांगायची, भावजी हाका देत होते हो, शेवटपर्यंत देत होते, आमचंच नशीब. नऊ वर्षं सांगतेय. भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, दोन्ही मुलं तिने एकटीने मोठी केली, आणि पितृपक्षात दादाचं पान ठेवायला दशरथलाच बोलावते. कावळा शिवेपर्यंत तो उन्हात उभा राहतो आणि दरवर्षी कावळा लगेच येतो, ते त्याला जास्त लागतं. तिच्यासमोर बसून सांगायचं त्याने किती वेळा ठरवलं. चहाचा कप हातात आला की तो पावसापाण्याचं बोलायचा. म्हणून तर अभिनव. पोराने डोळे पुसले होते त्या दिवशी, म्हणाला होता, काका, हा पिक्चरचा आत्मा आहे. आणि दशरथ म्हणाला होता, आत्माबित्मा तू बघ, मला एवढंच कर, हे वहिनीपर्यंत पोचव. माझ्याच्याने होत नाही. अंधारात बसून ती ऐकेल, मी शेजारी असेन, मग तिला काय करायचं ते करू दे. प्रॉमिस, काका, असं म्हणून अभिनवने त्याचा हात दाबला होता.

आणि दहा मिनिटांपूर्वी ती खाडी पडद्यावर आली होती. दशरथने खुर्चीचा हात घट्ट धरला होता, वहिनीकडे बघायची हिंमत नव्हती. आली ती त्याची पाठ. पाठ, त्यापुढे खाडी, त्यापुढे पूल, आणि वाऱ्याचा आवाज. वारा आणि वारा. पाठ बोलत होती, हे फक्त त्यालाच कळत होतं. खांदे हलत होते, मान एकदा खाली गेली, ते दादा उतरला तेव्हाचं. मग उजवा हात वर होऊन कानापाशी गेला, तो फोन. हात तिथेच राहिला, बराच वेळ. वाऱ्याचा आवाज किंचित वाढवला होता. पुढच्या रांगेत कोणीतरी हळूच सुस्कारा सोडला, काय सुंदर आहे, असा. वहिनी त्याच्याकडे वाकून कुजबुजली, वारा फार होता का हो तिकडे? तेव्हाही तो येडा थांबला. पुढे येईल, टाकीच्या शॉटवर लावणार म्हणालाय, असं स्वतःला सांगत थांबला. आत येताना अभिनव घाईघाईने बोलला होता ते आता त्याला नीट ऐकू आलं. थोडं ट्रिम केलंय काका, फार बोललं की पिक्चरची बातमी होते. ट्रिम म्हणजे न्हावी कानावरचे केस काढतो तसं काहीतरी, असं त्याला वाटलं होतं. याने मुंडकंच काढून ठेवलं होतं.

त्याला राग आला, आणि तो असा आला की आधी गरम वाटलं आणि मग एकदम बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी इतका राग आला होता. तो तिरका होऊन अभिनवकडे बघू लागला. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, पडद्याच्या उजेडात चेहरा तुळतुळीत, नजर त्या पांढऱ्या केसांच्या बाईंवर, आवडतंय का, आवडतंय का. याला टाकीत उतरवावं. याच कॉम्प्लेक्सची मोठी टाकी, नळ बंद, झाकण अर्धं. उतर म्हणावं, शूट कर. आणि वर उभं राहून घार बघावी. तो हाक मारील, काका, काका आहात ना? बघत राहावं. आवाज आधी चिडका होईल, मग लाडीगोडीचा, मग त्यातलं सगळं शिक्षण गळून पडेल आणि नुसता घसा उरेल. तेव्हा सांगावं, साउंड चाललाय, गप्प. याच्या आईला आणून टाकीच्या शेजारी बसवावं आणि तिला फक्त वारा ऐकवावा. दशरथ एकेक गोष्ट मनात चवीने फिरवत होता, आणि चव कडू असली तरी सोडवत नव्हती. हे दादाचं मरण होतं. ते दशरथने चोरलं होतं हे खरं, पण नऊ वर्षं अंगावर वागवलं होतं, आणि परत करायला निघाला तेव्हा या पोराने ते मधल्यामध्ये घेऊन त्याची झुळूक केली होती.

मग त्याला पडद्यावर भलतंच दिसलं. आता घार गेली होती आणि कॅमेरा परत त्याच्या चेहऱ्यावर आला होता. वर उभा असलेला माणूस, हातात दोर, खाली जोडीदार, आणि तोंड बंद, नजर दुसरीकडे. सगळं जग बघतंय. त्याला इतकी वर्षं जे कोणी दाखवू शकलं नव्हतं ते नेमकं तेच होतं. फक्त इथे सगळे त्याला शांत म्हणत होते, सुंदर म्हणत होते. वहिनी टक लावून बघत होती. तिला यातलं काय कळत होतं? तिने आयुष्यात टाकी धुताना पाहिली नव्हती, दादाला डबा दिला की तिचं काम संपायचं. तिला वाटत असेल, हे असंच असतं. माणूस खाली जातो आणि वरचा उभा राहतो. हे असंच असतं असं तिला वाटणं त्याला सोसवेना. या पोराचं वाटोळं करायचं तर आता, त्या बाईंच्या समोर, याच सात मिनिटांत. तो उभा राहिला नाही. बसल्या जागी छाती भरून घेतली आणि गच्चीवर देतात तशी हाक दिली.

"विठू होऽ!"

क्लबहाऊस हादरलं. माना वळल्या, कोणीतरी शू केलं. अभिनव भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आला. आणि मागून, दाराजवळून, जिथे विठू उशिरा येऊन चपला हातात धरून उभा होता, तिथून विचार न करता आवाज आला, "एक!" विठूला काही ठरवायची गरजच पडली नव्हती, ते त्याच्या घशातच होतं. दशरथने वीस श्वास मोजले. पडद्यावर काहीच घडत नव्हतं, दोर हलत होता. "विठू होऽ!" "दोन!" आता शू करणारे गप्प झाले. तिसऱ्या हाकेला पांढऱ्या केसांच्या बाई वळून बसल्या होत्या, पडद्याकडे पाठ करून. चौथीला विठूचा आवाज चांगला तापला. चौथी आणि पाचवी यांच्यामधल्या वीस श्वासांत त्या हॉलमध्ये जी शांतता होती ती अभिनवला सात जन्मांत सापडली नसती, कारण तीत साठ-सत्तर माणसं विठूच्या आकड्याची वाट बघत होती. "पाच!" पडद्यावरचा विठू टाकीतून डोकं वर काढू लागला आणि हॉलमधले दिवे लागले.

टाळ्या पडल्या. दशरथला आधी कळेना कशाच्या. लोक उभे राहिले होते, त्याच्याकडे बघून वाजवत होते, एक मुलगी डोळे पुसत फोनवर त्याचा व्हिडिओ घेत होती. अभिनव खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्याने दशरथला चक्क मिठी मारली. काका, काका, हे आधी का नाही सांगितलंत, हे तर आपण प्रत्येक शोला करायला हवं, लाइव्ह. त्याच्या अंगाला चांगल्या साबणाचा वास येत होता. दशरथचा सूड असा एका मिठीत फुकट गेला. उगारलेल्या हातात कोणी फुलं ठेवावीत आणि वर नमस्कार करावा, तसं झालं. अभिनव बाईंना आणायला पुढे पळाला. दशरथ खाली बसला. त्याला एकदम थकायला झालं.

वहिनीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पर्स तशीच धरून ती समोर बघत होती, आता तिथे नुसती पांढरी भिंत होती. विठू आकडे काय बोलत होता, असं तिने विचारलं. दशरथने सांगितलं, रीत सांगितली, दादानेच लावलेली. खालच्याने मोजायचं, चुकलं की ओढायचं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, एखाद्या नव्या माणसाची ओळख करून घ्यावी तशी. घरी कधी बोलले नाहीत हो हे, एवढंच म्हणाली. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"त्या दिवशी ह्यांचा आकडा कितीवर आला होता, भावजी?"

नऊ वर्षांत हे तिने विचारलं नव्हतं, कारण आकडा असतो हेच तिला माहीत नव्हतं. दशरथच्या हातात चहाचा कप नव्हता, समोर पिक्चर नव्हता, अंधार नव्हता. भोवती सामोशांच्या प्लेटा फिरायला लागल्या होत्या.

"अकरा," तो म्हणाला. "त्यानंतरच्या दोन हाका मी दिल्याच नाहीत. संजनाचा फोन आला होता, निकालाचा. मी बाजूला जाऊन बोलत होतो. तिसरी दिली तेव्हा दादा नऊ म्हणाला."

वहिनीचा चेहरा हलला नाही. तिने पर्सची चेन उघडली, आत काही शोधलं, काही न घेता बंद केली. संजना, असं ती नुसतं ओठांत म्हणाली. मग तिने साडीचा पदर खांद्यावर नीट केला, आणि बोलली तेव्हा आवाज रोजचाच होता, कारखान्यात नव्या बायकांना काम समजावून सांगते तसा.

"मी नऊ वर्षं लोकांना सांगत फिरले, तुम्ही हाका देत होतात म्हणून. चाळीत सांगितलं, गावाला सांगितलं, ह्यांच्या आईला मरताना सांगितलं. आता मला एकटीला कानात सांगून नाही चालायचं, भावजी. इतकी माणसं बसलीयत. उठा."

तेवढ्यात माईक आला. अभिनव स्वतः घेऊन आला होता, सगळ्यांना बसायला सांगत, हसत. दोन शब्द काका, कसं वाटलं तेवढं, छोटंसंच. दशरथने माईक घेतला. तो हातात जड होता आणि कोणाच्या तरी घामाने ओलसर. त्याने आपलं नाव सांगितलं. मग हरिश्चंद्र मांडवकर माझा सख्खा थोरला भाऊ, असं सांगितलं, आणि तारीख, आणि टाकी. मी अबोल माणूस नाही, तो म्हणाला, मी या मुलाला खाडीवर सव्वा तास सगळं सांगितलं होतं, तुम्ही वारा ऐकलात ना, तेव्हा मी तेच सांगत होतो. अभिनवचं हसू तोंडावरच राहिलं, त्यातला रंग तेवढा गेला. त्याने माईकसाठी हात पुढे केला, काका आपण नंतर, असं काहीतरी म्हणाला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो हात खाली आला. दशरथला ते सगळं दिसलं. मघाशी यासाठी त्याने काहीही दिलं असतं. आता त्याला त्या पोराचं तोंड बघायलाही सवड नव्हती, कारण वहिनी उभी राहिली होती. दोन्ही हात पर्सवर, नजर थेट त्याच्यावर. विठू दाराशी खाली मान घालून उभा होता. दशरथने एक ते अकरा आकडे सांगितले, एकही गाळला नाही. मग फोन वाजला, तो म्हणाला, आणि थांबला. हॉलमध्ये कोणी खोकलं. तो तोंड उघडून नुसता उभा राहिला, माईकमधून त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता.

"पुढे," वहिनी म्हणाली.